घट्ट विणीचे फडके

सक्करदऱ्याच्या तलावामागे दुर्गेशचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्यातली एक खोली हातमागाने अडवलेली होती. वस्तीतले बाकीचे माग केव्हाच सरपणात गेले होते. कोष्ट्यांची पोरे मिळेल त्या कामाला लागली होती. दुर्गेशची आई, मैनाबाई, मात्र अजूनही मागावर बसत. त्या घराचा कापडावर जेवढा विश्वास होता, तेवढा डॉक्टरवर कधीच नव्हता.

दुर्गेश हिंगण्याच्या एका शेडमध्ये कामाला होता. जुन्या मोटारींचे गंजलेले भाग बंद खोलीत घ्यायचे आणि दाबाच्या हवेबरोबर त्यांच्यावर वाळूचा मारा करायचा. गंज उडे, जुना रंग उडे, आणि खालून कोरे करडे लोखंड निघे. ते पाहण्याचे त्याला वेडच होते.

कामाला लागला त्याच महिन्यात मैनाबाईंनी त्याला तोंडाला बांधायला फडके विणून दिले. धागे जवळजवळ, एकेक ठोकून बसवलेले. "पाणी ओतलं तरी थेंब उशिरा पडते गा," त्या म्हणाल्या होत्या. मागाजवळ सुताचा भुसा उडतो तो अशाच फडक्याने अडतो, हे त्या घराचे पिढ्यांचे ज्ञान. दुर्गेश फडके ओले करून बांधी. संध्याकाळी झटकले की मूठभर धूळ पडे, आणि तेवढी आपण वाचवली, असे तो समाधानाने समजे. मालक संजीवभाऊंनी एकदा हवेची नळी असलेला टोप आणला होता. पण नळी शेडच्याच कंप्रेसरला जोडलेली, तेलाच्या वासाने मळमळे. टोप खिळ्याला लागला तो लागलाच. पुढे शेडमधल्या सगळ्यांनीच मैनाबाईंकडे फडकी मागितली, आणि त्यांनी ती कौतुकाने विणून दिली.

खोकला सुरू झाला तेव्हा वस्तीतल्या डॉक्टरने क्षयाच्या गोळ्या दिल्या. उतार पडेना. शेवटी मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला आणि कामाची चौकशी केली. दुर्गेशने अभिमानाने फडके काढून दाखवले. बाईंनी ते खिडकीसमोर धरले. त्यातून उजेड आला.

"जी धूळ यात अडकते, तिची मला भीती नाही," त्या म्हणाल्या. "वाळू आपटून फुटते. तिचा डोळ्यांना न दिसणारा भाग यातून सरळ जातो आणि छातीत बसतो."

"निघते कशानं?"

"निघत नाही. वाढू नये, एवढंच बघायचं."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर दुर्गेशला स्वतःची आठवणसुद्धा झाली नाही. तो आजारी पडल्यावर त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ अभिजीत लागला होता. शब्द त्यानेच टाकला होता. अभिजीतच्या तोंडाला आईचेच फडके होते.

दुसऱ्या दिवशी तो हिंगण्याला गेला.

"संजीवभाऊ, अभिजीतले आत नका पाठवू."

"काहून? दोन जीपा उभ्या आहेत. त्याच्यावाणी हात कोणाचा नाई, असं तूच म्हणे."

"मंग वाळू बंद करा. जाड लोखंडाले गार्नेटचा चुरा घ्या, नाईतर पोलादी दाणे. रिमले काचेचे बारीक मणी. त्या टोपाले हवा बाहेरून द्या, साफ, वेगळी..." एवढे बोलायला त्याला तीनदा थांबावे लागले.

"मी बी इथंच बसून राहिलो ना? मले काय झालं?" संजीवभाऊ हसले. "मागवू गार्नेट. दिवाळी होऊन जाऊ दे."

अभिजीत खोलीतून बाहेर आला. भुवयांपर्यंत पांढरा. फडके खाली ओढून म्हणाला, "दादा, तू घरी बसून पेपर वाच ना बाप्पा! मायचं कापड होय हे. मच्छर नाई शिरत."

"मच्छराची गोष्ट नाई करून राहिलो बे मी!"

"तुले टीबी होता. मले काहून भेव दाखवून राहिला?"

दुर्गेश त्या खोलीच्या उंबऱ्यातच आडवा बसला. दोन जीपा, मालक, कंप्रेसर, सगळे थांबून राहिले. अखेर अभिजीतनेच त्याला काखेत हात घालून उचलले. उचलताना त्याच्या तोंडून निघून गेले, "किती हलका झाला गा तू!"

मग दार लागले.

संध्याकाळी अभिजीत घरी आला तेव्हा दुर्गेश मागाजवळ धोटा घेऊन बसला होता. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या बारीक छिद्रातून तो दोरा बाहेर काढायचा तो तोंड लावून, श्वासाने ओढून. ज्या पोराला तो एका दमात ओढता येई, ते पोर मागावर बसायच्या लायकीचे झाले असे मानीत. लहानपणी अभिजीत इतक्या जोराने ओढी की दोरा टाळूला लागून त्याला ओकारी येई.

"ओढ," दुर्गेश म्हणाला.

"हे काय खूळ?"

"एकदाच. आला दोरा, तर मी तुले काहीच म्हणणार नाई."

"बस, एवढंच?" अभिजीतने हसत धोटा ओठांना लावला. दोरा छिद्रात हलला आणि तिथेच राहिला. त्याने पुन्हा ओढले. या वेळी खोकला आला, आणि तो लवकर थांबेना.

"धोटा जुना आहे," तो म्हणाला.

मैनाबाईंनी त्याच्या हातून धोटा घेतला, ओठांना लावला. दोरा सटकन बाहेर आला.

अभिजीत त्या दोऱ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, उद्यापासून नाई गेलो मी, तं आतलं निघते का?"

दुर्गेशने मान वळवली. मागावर पुढचे फडके अर्धे विणून पडले होते. मैनाबाईंची नजरही तिथेच होती.

"दुर्गेश," त्या म्हणाल्या, "शेडमधल्या कोणाकोणाले देल्लं गा मी?"

तो नावे सांगू लागला. धम्मानंद. गिरिधर. मग त्याला दम घ्यायला थांबावे लागले.