रेवाचे बूट

रेवा जन्मली तेव्हा आल्यागेल्यांनी तिचं नाक पाहिलं, रंग पाहिला, डोईवरचं दाट जावळ पाहिलं. सुचितानं पाय पाहिले. दोन्ही पावलं आतल्या बाजूला वळलेली होती, तळवे एकमेकांकडे तोंड करून. नर्सबाई म्हणाली, घाबरू नका, लवकर सुरू केलं तर सरळ होतात, फक्त चिकाटी पाहिजे. सुचितानं चिकाटीची तेवढी खूणगाठ बांधली. बाकीच्या घरानं 'घाबरू नका' एवढंच ऐकलं आणि लगेच घाबरायला सुरुवात केली.

घर म्हणजे तरी किती माणसं! संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या अंगाला असलेलं गाव. सुचिताचा नवरा राजकुमार पिकअप चालवतो, संत्री आणि केळी भरून कुठं कुठं जातो आणि घरी आला की आधी झोपतो. सासू रुखमाबाई, थोरली गार्गी आणि पाळण्यात ही नवी रेवा. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. शेत थोडंच, पण विहिरीला पाणी आहे, आणि ते शेत निम्म्याहून जास्त सुचिताच्याच अंगावर.

रुखमाबाईबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर वाचणारा तिच्यावर उगाच डाफरेल. गल्लीतल्या निम्म्या लेकरांना या बाईनं आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं आहे. कुणाच्या घरी बाळंतीण आली की तेलाची वाटी कोमट व्हायच्या आत रुखमाबाई हजर. तिच्या हातची मालीश झालेलं लेकरू दुपारभर डोळा उघडत नाही, असं बाया सांगतात आणि ते खरं आहे. त्या बाईच्या स्वतःच्या नातीच्या पायांना बुलडाण्याच्या दवाखान्यात जांघेपासून बोटांपर्यंत पांढरं पलस्तर घातलं गेलं. तेल लावायला पोट आणि पाठ तेवढी उरली.

"पायच नाई तं मालीश कायची?" ती म्हणायची आणि वाटी बाजूला सारायची. "म्या रोज तेल लावून चोळले असते तं आपोआप सरळ झाले असते पाय."

सुचिता उत्तर द्यायची नाही. उत्तर द्यायला तिला वेळच कुठं होता! दर आठवड्याला पलस्तर बदलायचं. त्या दिवशी सकाळीच घमेल्यात कोमट पाणी घेऊन ती रेवाचे पाय भिजवत बसायची, ओली पट्टी पदर-पदर सोडवायची आणि मग एसटी गाठायची. खामगावला गाडी बदलायची, बोथ्याच्या घाटात रेवा हटकून ओकायची, ते पुसायचं, पुढं जायचं. गार्गीला शेजारी सिंधूताईकडं ठेवलं तर ती रडून गल्ली गोळा करायची, म्हणून पुष्कळदा तीही सोबत. एका हाताला पोर, दुसऱ्या काखेत पोर, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी. अशी बाई एसटीत चढताना तुम्ही पाहिली असेल. आपण जरा सरकून घेतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो.

पलस्तरं संपली, टाचेमागं बारीकसा छेद देऊन झाला, आणि मग आले बूट. दोन इवलेसे बूट, बोटं उघडी असलेले, आणि मध्ये त्यांना जोडणारी पट्टी. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. पाय आता सरळ आहेत, पण त्यांची खोड गेलेली नाही. बूट सुटले की पावलं पुन्हा आत वळतील. मग परत पलस्तर, नाहीतर मोठं ऑपरेशन, आणि तरीही पोरगी लंगडेल. अंघोळीपुरता तासभर सोडला तर सुरुवातीचे महिने दिवसरात्र बूट, नंतर पोर धरून उभी राहायला लागली की झोपेपुरते, आणि तेही चौथा वाढदिवस होईपर्यंत.

तो अंघोळीचा तास म्हणजे त्या घरातला सण. बूट निघाले की रेवा दोन्ही पाय हवेत नाचवायची. गार्गी तिच्या एकेका बोटाचा मुका घ्यायची आणि प्रत्येक बोटाला नवं नाव द्यायची. सुचिता पावलं हातात घेऊन दाखवल्याप्रमाणे हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवायची. मग कोरडे पाय, मोजे, बूट. टाच खाली टेकली का हे बोट घालून बघायचं, आणि पट्टा आवळायचा. रेवा किंचाळायची. सुचिता त्या किंचाळण्याच्या वरताण आवाजात गाणं म्हणायची, आणि ते गाणं इतकं बेसूर असायचं की रेवा ऐकता ऐकता रडायची थांबायची. आईच्या अंगी कुठला गुण कधी कामाला येईल, सांगता येत नाही.

उन्हाळा लागला आणि गल्लीत पापडांचे दिवस सुरू झाले. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं, पण रुखमाबाईच्या ओसरीवर सावली मोठी म्हणून बाया बहुतेक तिथंच जमायच्या. त्याच दिवसांत शेतातली विजेची लाईन दुपारची होती. भुईमुगाला पाणी द्यायचं तर दुपारीच जावं लागे. रेवाला झोपवून, बूट तपासून सुचिता शेतात जायची आणि उन्हं उतरली की परतायची.

एकदा बूट काढताना त्यातून ज्वारीचे दाणे पडले. सुचिताला वाटलं, गार्गीचे उद्योग.

मग एका सकाळी गार्गी बाहुली घेऊन खेळत होती. बाहुलीच्या पायांना तिनं काडेपेटीचे बूट केले होते, मध्ये आइस्क्रीमची काडी बांधली होती. सुचिताला हसू आलं. तेवढ्यात गार्गी लगबगीनं उठली, "बाया आल्या, बाया आल्या" म्हणाली, बाहुलीचे बूट ओढून काढले आणि मुरमुऱ्यांच्या डब्यात खुपसून झाकण लावलं.

सुचिताच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"असं काऊन केलं वं, गार्गी?"

"आजी करते ना. ज्वारीच्या कोठीत ठेवते. बाया गेल्या का मंग घालते."

सुचिता उठून रेवाजवळ गेली. बूट सोडले. काही दिवसांपासून उजवा बूट घालताना टाच नीट बसत नव्हती आणि ती स्वतःला समजावत होती की पोर वळवळते म्हणून तसं होतं. आज तिनं पाऊल हातात धरून सरळ पाहिलं. ते थोडं आत वळलं होतं.

रुखमाबाई खोटं बोलली नाही. तिला खोटं बोलता येतच नाही.

"हाव, काढले. चार बाया येऊन बसतात. पोरीची जात हाय ती. आज पाहतीन आन गावभर लंगडी म्हणतीन. उद्या सोयरिकीले हेच लोक सांगतीन."

पोर अजून बसायलाही शिकली नव्हती, आणि आजी तिच्या सोयरिकीची काळजी करत होती! दुसरं कुणी असतं तर सुचिता हसली असती. त्या दिवशी तिच्या डोक्यात रागाशिवाय काही नव्हतं. तिनं भांडी आपटली, भाकरी करपवली. राजकुमार झोपेतून उठून "माय हाय वं ते, जाऊ दे" एवढं म्हणाला, तर त्याच्याकडं असं पाहिलं की तो पिकअपचं तेल तपासायला निघून गेला. सुचिता काही साधुसंत नाही. तिचा स्वभाव तिखट आहे, आणि तो तिखट आहे म्हणूनच ती इथवर आली असं माझं मत आहे.

संध्याकाळी ती सासूपुढं उभी राहिली.

"आत्याबाई, उद्या पुन्हा पलस्तर घालतीन. तुमीच चला. पोरगी तुमीच धरा. माह्यानं आता धरवत नाई."

जाताना साऱ्या वाटेत रुखमाबाईनं रेवाचे पाय पदराखाली झाकून ठेवले. दवाखान्यात पाहते तर बाक भरलेले, आणि प्रत्येक मांडीवर तसलेच पाय. ती गोंधळली. तिला वाटत होतं, असं फक्त आपल्याच घरात झालं. शेजारी डोणगावकडची एक म्हातारी बसली होती, तिच्यासोबत शाळेच्या वयाची नात. नात पाणी प्यायला उठली आणि पावलांच्या बाहेरच्या कडांवर, अंग डोलवत चालत गेली.

"हिलेबी बूट देल्ले होते," म्हातारी आपणहून म्हणाली. "रडे खूप. पाहवलं नाई जाये, म्हणून मीच काढून ठेवत होती."

आत नंबर लागल्यावर रुखमाबाईनं रेवाचे गुडघे धरले. पलस्तर चढत होतं आणि रेवा रडत रडत आजीकडं पाहत होती, कारण तिला तेल लावणारे, न्हाऊ घालणारे हात तेच होते. रुखमाबाईनं हात सैल सोडले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र ती नळाजवळ जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली. सुचिताचा राग तिथं निम्मा उतरला. उरलेला निम्मा तिनं ठेवला, पुढं कधी लागला तर असावा म्हणून.

काही आठवड्यांत पाय पुन्हा सरळ झाले, बूट परत आले. रुखमाबाईनं त्यांना पुन्हा हात लावला नाही, ना काढायला, ना घालायला. बाया आल्या की ती रेवाच्या पायांवर गोधडी टाकायची, भर उन्हाळ्यात. सुचिता पाहायची आणि तसंच चालू द्यायची. पण तिनं एक केलं. अंघोळीच्या तासाला रेवाला उचलून सासूच्या पायांवर ठेवलं.

"डॉक्टरांनी पाय वळवायचे सांगितले, बाहेरच्या अंगानं. माह्या हातानं तिले दुखते. तुमच्या हातानं नाई दुखत."

हे पूर्ण खरं नव्हतं. तो तास सुचिताचा होता, दिवसभरात पोरीचे मोकळे पाय हातात घ्यायला मिळायचे ते तेवढेच. तो तिनं देऊन टाकला. मला विचाराल तर साऱ्या धावपळीपेक्षा, घाटातल्या साऱ्या फेऱ्यांपेक्षा ते देणं अवघड होतं. रुखमाबाईनं तेलाची वाटी कोमट केली. तेल लावून, पाय वळवून, पुसून, कोरडे करून ती पोर परत द्यायची, आणि बूट सुचिता घालायची.

पुढं रेवा बसली, रांगली, भिंतीला धरून उभी राहिली. दिवसाचे बूट सोडायला डॉक्टर हो म्हणाले तेव्हा रुखमाबाईनं माळ्यावरून राजकुमारचा जुना पांगुळगाडा उतरवला. त्याची चाकं इतकी कुरकुरायची की गल्लीला कळायचं, रेवाबाई निघाल्या. आणि तुरी काढून झाल्या त्या सुमारास एका सकाळी, नुकत्याच सारवलेल्या अंगणात, गार्गीनं हातातली बोरं दाखवून चिडवल्यावर रेवानं गाडा सोडला आणि बोरांपर्यंत चालत गेली. गार्गी ओरडली, रुखमाबाई ओरडली. सुचिता मात्र खाली वाकली होती. ओल्या सारवणात पावलं उमटली होती, आणि प्रत्येक पावलाला टाच होती, गोल, अख्खी. त्या दिवशी तिनं अंगणात कुणाला पाय ठेवू दिला नाही. राजकुमारनं घरी आल्यावर फोटो काढला, तो अजून त्याच्या मोबाइलवर आहे.

पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा पापड आले. आता बूट फक्त झोपेपुरते होते. दुपारी निजवताना बूट घालता यावेत म्हणून सुचिता उशिरा शेतात जायची. एके दिवशी लाईन लवकर आली, मोटार सुरू करायला धावावं लागलं, तेव्हा रेवा जागीच होती. शेतात पोचून ती पाणी लावते न लावते तोच लाईन गेली. रेवा बुटांविनाच निजली असेल, या काळजीनं ती पळत घरी आली.

दारातूनच तिनं पाहिलं. ओसरी बायांनी भरली होती. सिंधूताईची बहीण अमडापूरहून आली होती, नवी, चौकस, सगळ्याच्या चौकशा करणारी. आणि आतल्या खोलीतून डोळे चोळत रेवा येत होती. तिनं बुटांची पट्टी एका हातानं धरली होती, बूट फरशीवर खडखड वाजत होते. बायांच्या मधून, पापडांच्या कडेकडेनं ती थेट आजीपुढं गेली, बसली आणि दोन्ही पाय पुढं केले.

"आजी, बूत."

लाटणी थांबली. सुचिता पुढं व्हायला निघाली, सासूची लाज वाचवायला, पोरीला उचलून आत न्यायला. पण तिचा पाय उंबऱ्यावरच थबकला, कारण रुखमाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले होते. तिनं मोजे चढवले, पाऊल बुटात बसवलं, बोट घालून टाच टेकली का ते पाहिलं. पट्टा आवळला. सुचिता जसं करते तसंच, एकही गोष्ट न चुकवता. ती रोज पाहत होती तर!

"काय वं बाई, काय झालं पोरीच्या पायाले?" अमडापूरच्या बाईनं विचारलंच.

"आता काई नाई. वाकडे होते जन्माचे," रुखमाबाई म्हणाली, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात. "माह्या सुनेनं सरळ केले. मधात म्या बूट काढून काढून पुन्हा वाकडे करून ठेवले, तं तिनं पुन्हा सरळ केले."

रेवा आजीच्या मांडीवर आडवी झाली आणि तिचे डोळे मिटू लागले. तेव्हा रुखमाबाईनं मान वर केली आणि तिला दारात उभी सून दिसली.

"उभी काऊन राह्यली वं? हात धू आन लाटाले बस. माही मांडी आडकली."

सुचितानं हात धुतले, बायांमध्ये जागा करून बसली आणि पोळपाट पुढं ओढला. लाटी हातात घेतली, पण तिला पापड दिसेचना. डोळे सारखे भरून येत होते, आणि पुसावे तर हाताला उडदाचं पीठ.