आवाज येणारं हाड

नाल्याच्या काठी बिळात दंडापर्यंत हात घालून खेकडेकाकू चक्क हसायची. आतल्या खेकड्यानं नांगीत बोट पकडलं की म्हणायची, "धरलं रे बाप्पा! आता येते भाईर." लग्न होऊन इंझोरीत आले तेव्हा शेजारीण म्हणून मला ही बाई मिळाली. तिच्या बोटांवरच्या जखमांना गणती नव्हती आणि तोंडाला लगाम नव्हता.

खेकडे ती आमच्याच ओट्यावर वरवंट्यानं ठेचायची. कडाड्! मी कान झाकले की तिला चेव यायचा. "काहून वं, भेली का? याचं हाड भाईर हाये, म्हून आवाज येते. आपलं आंदर. मोडलं तरी कोनाले आयकू येत नाई." नवरा तिला गुरासारखं मारायचा आणि तेव्हा अख्खी गल्ली टीव्हीचा आवाज वाढवायची. आमच्या घरचाही वाढायचा.

बिळातला खेकडा मऊ लागला, तर मात्र ती लगेच हात काढून घ्यायची. "कवच टाकून बसला हाये तो. आंग कडक होईपरेंत त्याले कोनं हात लावू नाई."

गेल्या दिवाळीनंतर नवऱ्यानं तिचा डावा हात आणि दोन बरगड्या मोडल्या. माझ्या सासूबाईंनी तिला आमच्या कापसाच्या खोलीत आणून ठेवलं, आतून साखळी लावायला सांगितली. काकू कापसावर पडून असायची. बोलायची नाही, मी भरवलं तरच खायची. पुन्हा त्या घरी गेली तर ही जिवंत राहायची नाही, हे मला आणि सासूबाईंना कळून चुकलं होतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं वरवंटा मागितला. मला बरं वाटलं, म्हटलं हिला खेकड्यांची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिचा नवरा आला. सासूबाईंना ढकलून पाडलं, मला शिवी हासडली आणि खोलीच्या दारावर लाथ घातली. "निघ भाईर! आज तुले जित्ती ठेवत नाई." दाराला फट पडली. साखळी काढायला त्यानं फटीतून हात आत घातला.

कडाड्!

गल्लीतली दारं भराभर उघडली. तो ओट्यावर गुरासारखा ओरडत लोळत होता, मनगट भलतीकडेच वळलेलं. काकू वरवंटा घेऊन दारात आली. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. जमलेल्या माणसांना म्हणाली, "आता आलं ना आयकू?"

त्याच संध्याकाळी ती जीपनं बहिणीकडे अनसिंगला गेली. वरवंटा घेऊनच गेली. मला तिची फार आठवण येते. आमच्या घरी आता टीव्ही अगदी हळू लावतात.