काळजाची एकच चाल

सासूबाईंच्या अंगात देवी येते, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नाही. कळलं ते पहिल्या नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी. भांडुपला टेकडीच्या उतारावर आमची बैठी चाळ. सगळी आपली मालवणकडची माणसं. तसबिरीसमोर आरती चालली होती, झांजांचा ठेका वाढत होता, आणि दोन मिनिटांपूर्वी "खोबरां केवढां जाड किसलंस" म्हणून मला टोचून बोललेली बाई उठून घुमायला लागली. केस सुटले. दोन्ही हात डोक्यावर गेले आणि बोटं एकमेकांत गुंतली. हात वर गेले की चाळ समजायची, देवी आली. मग एकेकजण पुढे होऊन गाऱ्हाणं घालायचा. मी घाबरले, आणि घाबरले म्हणून चिडले. माझा स्वभावच तसा आहे.

मी तेव्हा औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला जायची. माझा विश्वास गोळ्यांवर. पुढची अकरा वर्षं दर अष्टमीला मी सासूबाईंना पकडायला टपून बसले. डोळे किलकिले करून बघतात का, निरांजन आलं की पाय आखडतात का. एकदाही सापडल्या नाहीत.

बारावं वर्ष वेगळं निघालं. गौरी-गणपती आटोपले आणि सासूबाई नळावर कळशी भरता भरता कोसळल्या. एका आठवड्यात तीनदा. मोठ्या इस्पितळात नेलं तर नाडी मिनिटाला बत्तीस. काळजाच्या वरच्या कप्प्याचा हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. छातीत यंत्र बसवायला हवं, नाहीतर एके दिवशी पडतील त्या उठायच्या नाहीत. पेसमेकर हा शब्द आमच्या चाळीत त्या दिवशी पहिल्यांदा आला.

सासूबाई नको म्हणाल्या. "माझ्या अंगात आधीच एकजण येता. आता ह्यां आणि खंय ठेवू?"

नवरा आईपुढे नेहमीसारखा गप्प. मीच दोन दिवस त्यांच्या कानीकपाळी ओरडले. नातवाला मिसरूड फुटलेलं बघायचंय की नाही, म्हटलं. शेवटी कंटाळून त्यांनी कागदावर अंगठा उठवला.

काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, कडा गोल केलेलं ते यंत्र डाव्या खांद्याच्या हाडाखाली बसलं. त्यातून एक तार शिरेवाटे थेट काळजात. घरी सोडताना डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या. रोज सकाळी मिनिटभर नाडी मोजायची, ती सत्तर भरली पाहिजे. आणि दीड महिना डावा हात खांद्याच्या वर जाता कामा नये. तार आत नुसती टेकवलेली आहे, तिच्याभोवती मांस धरायला वेळ लागतो. हात उंच गेला, तार ओढली गेली आणि जागेवरून हलली, तर काळीज पुन्हा आपल्या मर्जीवर. "वेणी घालायलासुद्धा हात वर नको," ते म्हणाले.

मी मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. अष्टमी तिसऱ्या आठवड्यात येत होती.

तिथून पुढे माझी झोप गेली. वेणी मी घालत होते, लुगडं मी नेसवत होते, पण त्या दुपारी जे दोन हात वर जातील ते कोण धरणार? आरतीच्या वेळी शेजारी जाऊन बसा, म्हटलं. त्यांनी बसल्या जागीच डोळे वटारले. मग मी चढ्या आवाजात म्हटलं, "आई, यंदा देवीला सांगा, येऊ नको."

"आणि ती इली तर? दारात उभी रवान सांगू, तार सैल आसा, पुढल्या वर्षी ये?"



अष्टमीच्या सकाळी मी सुईदोरा काढला. त्यांना ब्लाउज घातल्यावर डावी बाही कोपरापर्यंत कुशीला शिवून टाकली. हात पुढे-मागे होईल, पण वर जाणार नाही. सासूबाई पाटावर निमूट बसल्या होत्या. असं निमूट बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी दोरा दुहेरी घातला, मग उसवून तिहेरी घातला. देवीबिवी सगळं खोटं म्हणणारी मी, तिहेरी दोरा कुणासाठी घालत होते? वरून पदर लपेटला. नवऱ्याला सांगितलं, टेकडीखाली रिक्षा थांबवून ठेव. तो एवढ्या लगबगीने गेला की, त्याला तिथून निघायला निमित्तच हवं होतं हे कळलं.

दुपारी खोली माणसांनी गच्च भरली. आरती सुरू झाली. मी सासूबाईंच्या डाव्या अंगाला, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवून बसले. पहिली आरती झाली. काही नाही. दुसरी झाली. लोक माना उंचावून बघायला लागले. झांजवाल्या पोरांनी ठेका वाढवला. सासूबाईंचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट. येऊ नकोस, येऊ नकोस, मी मनात म्हणत होते, आणि कुणाला म्हणत होते तेही मला उमजत नव्हतं.

तिसऱ्या आरतीला त्या उठल्या. घुमायला लागल्या. केस सुटले. उजवा हात वर गेला.

मी डाव्या हाताकडे बघत राहिले. टाके आता तुटतील, आता तुटतील. पण तो हात पोटाशी पदर मुठीत धरून होता.

पलीकडच्या खोलीतली काकू दरवर्षी पहिलं गाऱ्हाणं घालायची. ती पुढे आली, थबकली आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एकच हात कसा काय? असं कधी झालं नाही ना."

खोलीत कुजबुज सुरू झाली. माझं डोकं सणकलं. "तुम्हाला त्यांचं ऑपरेशन माहीत आहे, आणि देवीला माहीत नसेल होय?" मी ओरडले. "घाला तुमचं गाऱ्हाणं, नाहीतर बाजूला व्हा!" काकूने गपकन हात जोडले. अकरा वर्षं जिला पकडायला टपले होते, तिच्या बाजूने मी अख्ख्या चाळीशी भांडत होते.

भांडता भांडताच मी उठले आणि सासूबाईंचं डावं मनगट धरलं. लोकांना वाटलं, सुनेला अखेर उपरती झाली. मी नाडी मोजत होते. समोर घामाने निथळणारं, झोकांड्या खाणारं शरीर, आणि माझ्या बोटांखाली ठोके मात्र बाजारातून रमतगमत घरी येणाऱ्या बाईच्या पावलांसारखे. सबंध मिनिट मोजले. सत्तर. तार जागेवर होती. मी तिथेच फतकल मारून बसले.

थोड्याच वेळात त्यांना धाप लागली आणि त्या खाली बसल्या. अंगारा वाटला गेला, माणसं पांगली. दिवेलागणीला मी कात्री घेऊन बाही सोडवायला बसले. एकही टाका ताणलेला नव्हता. कापड चुरगळलंसुद्धा नव्हतं. मी टाक्यांकडे बघत होते आणि त्या माझ्याकडे.

"यंदा ती येवक नाय गो," त्या म्हणाल्या. "मीयाच नाचलंय."

कात्री माझ्या हातात तशीच राहिली. हे एक वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं थांबले होते. "आणि मागची वर्षं?" मी विचारलं.

"ती सगळी तिची. ती येताना आधी काळीज धावता. घोड्यासारख्यां. मगे हातापायाक मुंग्यो येतत, मगे मी रवत नाय. आज वाट बगलंय, बगलंय. काळीज धावलांच नाय. लोक बसले होते, मगे काय करतलंय?" त्यांनी छातीवरच्या उंचवट्याला बोट लावलं. "तू मोजलंस मां? किती होते?"

"सत्तर."

"नाचताना पण?"

"नाचताना पण."

"तरीच," त्या म्हणाल्या. "ती येतली तरी खंयसून?"

मग त्यांनी विचारलं, ह्यां काढूक येतलां काय. मी म्हटलं, काढलं तर मराल. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. त्यांना जगवायला मी निघाले होते, जगवलंही होतं, आणि त्यांचं जे होतं ते मी त्यांना न विचारता बंद करून टाकलं होतं. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दीड महिना पुरा झाला तेव्हा इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तार नीट धरली आहे म्हणाले. सासूबाईंनी त्यांना विचारलं, "ह्यां धावता काय?"

तरुण डॉक्टर, त्यांना विषय मिळाला. हे यंत्र एकाच चालीने चालतं, ते म्हणाले, पण परदेशात नवी निघताहेत. माणूस चालायला लागला की त्यांना कळतं आणि ती ठोके वाढवतात. पुढे तर तारही लागणार नाही. पुढे एखाद्याला सबंध काळीजच यंत्राचं बसवतील. शरीराचा कुठलाही भाग बिघडला म्हणून माणूस अडून राहणार नाही, आजी. सासूबाईंनी त्यातलं एकच धरलं. "ती धावणारी आमच्याकडे कधी येतली?"

"येतील पाच-दहा वर्षांत. का, धावायचंय कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे कधी मदतीसाठी पाहिलं नव्हतं.

"आमच्या चाळीला चढ आहे," मी म्हटलं. "त्यांना चढताना दम लागतो."

"मगे माझां नाव आत्ताच लिवन ठेवा," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर हसले, पण त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

ती यंत्रं आमच्यासारख्यांपर्यंत पोचली तेव्हा सासूबाई नव्हत्या. यंत्र बसल्यावर त्या सात वर्षं जगल्या, नातवाचं मिसरूड बघून गेल्या. देवीने आपल्याला सोडलं, असं त्यांनी चाळीला स्वतःच सांगून टाकलं आणि पुन्हा कधी घुमायला उठल्या नाहीत. पण दर अष्टमीला आरतीच्या वेळी डोळे मिटून त्या डावा हात माझ्या मांडीवर ठेवायच्या. मी त्यांच्या मनगटावर बोटं टेकून घड्याळाकडे बघत बसायची. देवीवर माझा आजही विश्वास नाही. तरी त्या प्रत्येक अष्टमीला मी तिला एकच मागितलं, की आज एकाहत्तर भरू दे.