मिस्त्रींचा पाय

तलासरीच्या नाक्यावर ज्यांनी जीप चालवल्या, त्यांना मिस्त्रींचा चेहरा कदाचित आठवणार नाही, पण पाय नक्की आठवतील. मिस्त्री कायम अनवाणी असत. मे महिन्यात रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असो की पावसात गॅरेजसमोर घोटाभर चिखल असो, त्यांच्या चपला दाराशी काढलेल्याच असायच्या. घातलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. "मग घेतल्या कशाला?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "देवळाबाहेर काढून ठेवायला काहीतरी नको का?"

माझं शिवणाचं दुकान त्यांच्या गॅरेजला चिकटून आहे. मध्ये पत्र्याची एक भिंत, तीही भोकं पडलेली. पदवी घेऊन मी शिवणयंत्रावर बसले म्हणून नातेवाईक हळहळत. मला मात्र पत्र्यापलीकडचं ऐकायला मजा यायची. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, वेवजी ते तलासरी जीप चालवायचा, त्यामुळे पलीकडे जे चाले त्यात आमचाही जीव अडकलेला असे. या जीपा काही डांबरी रस्त्याच्या नव्हेत. पाड्यापाड्यांवर दगडातून चढायचं, ओहोळातून पाणी कापत जायचं आणि वर माणसं टपापर्यंत भरलेली.

गाडी हलते म्हणून कुणी आलं की मिस्त्री आधी गाडीकडे बघतच नसत. ड्रायव्हरला समोर उभं करून विचारायचे, "ब्रेक मारल्यावर हलते, की न मारता? खड्ड्यातून गेल्यावर सुरू होते, की सपाटीवर?" ज्याने "अशीच हलते" असं सांगितलं त्याची गाडी ते आत घेत नसत. "जा, एक चक्कर मार नि तिलाच विचारून ये," म्हणून परत धाडत. त्यांचा हिशेब साधा होता. ब्रेक दाबल्यावर हलली तर ब्रेकचा ड्रम वाकडा झालाय. एका अंगाला ओढली तर दुसऱ्या अंगाचा ब्रेक लागतच नाही. आणि खड्ड्यानंतर स्टेअरिंग जे नाचायला लागतं ते थांबतच नसेल, तर पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तो किंगपिन, नाहीतर त्याचं बेअरिंग गेलं. "सगळे टायरला शिव्या देतात," ते म्हणायचे. "टायर बिचारा. त्याला जे हलवतंय ते वर बसलंय."

मिस्त्री मूळचे नरपडचे, वाडीवाले. घरात चिकू, नारळ सगळं असताना हा माणूस ग्रीसमध्ये का लोळतो, हे त्यांच्या भावांना कळलं नाही आणि त्यांनी ते कधी समजावूनही सांगितलं नाही. त्यांचा एक चुलतभाऊ किनाऱ्यावर होड्या ओढायला जीप वापरायचा. ती आणली तेव्हा ब्रेकचे ड्रम उघडल्यावर आतून वाळू आणि खारट गंज भसाभसा खाली आला. मिस्त्री म्हणाले, "ही गाडी नाय, बोंबील आहे. आधी दोरीवर वाळत घाला." चुलतभाऊ रुसला, पण गाडी त्यांच्याकडेच ठेवून गेला.

दुरुस्ती झाली की खरा सोहळा. ड्रायव्हर स्टेअरिंगवर, मिस्त्री शेजारी, तळपाय जीपच्या उघड्या पत्र्यावर टेकलेले आणि डोळे मिटलेले. गाडी हायवेपर्यंत जाऊन यायची. वाटेत ते मध्येच म्हणायचे, "उजवीकडे." किंवा, "स्प्रिंगच्या पाट्याचा बुश." परत येऊन उघडून बघावं तर तेच असायचं. काही बोलले नाहीत आणि उतरताना "पास" म्हणाले, की गाडी सुटली. हातावर त्यांचा भरवसा नव्हता. "हात स्टेअरिंग धरतात, म्हणून हात लपवतात. पाय नुसते पडलेले असतात. त्यांना लपवता येत नाय."

होता होता याची रीतच पडली. पाय लावल्याशिवाय कुणी गाडी हलवेना. पुढे तर बिघाड नसलेल्या गाड्याही यायला लागल्या, नुसता पाय लावून घ्यायला. दसऱ्याला गॅरेजसमोर जीपांची रांग लागे. झेंडूचं तोरण बांधायच्या आधी मिस्त्रींनी प्रत्येक गाडीत बसून दोन्ही पाय टेकवायचे, थोडं पुढे जाऊन यायचं, मग नारळ. पायाला नमस्कार करणारे खूप पाहिले होते, पायाने आशीर्वाद देणारा हा एकच. मी तसं म्हटलं की ते लाजायचे. पण मनातून सुखावायचे, खोटं कशाला बोलू. या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू बंद पडली. जॅक लावून चाक उचलायचं आणि हाताने हलवून बघायचं, हे पूर्वी प्रत्येक ड्रायव्हर करायचा. आता "मिस्त्रींचा पाय लागलाय" एवढं म्हटलं की झालं.

उधव्याचा देवजी एका दसऱ्याला त्या रांगेत दादाच्या मागेच होता. शांत माणूस. गाडीत कुणाचं लेकरू रडायला लागलं तर गाडी थांबवून त्याला पुढे शेजारी बसवणारा. मिस्त्रींनी त्याच्या जीपमध्ये पाय टेकवले, चक्कर मारली आणि "पास" म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत उधव्याच्या रस्त्यावर, उतारावर, देवजीची जीप डावीकडे ओढली गेली आणि मोरीच्या कठड्यावर आदळून खाली गेली. शेवटचे उतारू नुकतेच उतरले होते, म्हणून देवजी एकटाच मेला.

लोकांनी कारण लगेच शोधलं. ताडी. ज्या मुलखात घराघरात ताडी उतरते तिथे दुसरं काही सुचवायची गरजच नसते. देवजी सणासुदीला पीत असे, पण चावी हातात असताना कधी नाही, हे सगळे ड्रायव्हर जाणून होते. तरीही ते गप्प राहिले. मला त्यांचा अजून राग येतो. "गाडीला मिस्त्रींचा पाय लागला होता, म्हणजे गाडीत दोष नव्हता," असा त्यांचा हिशेब. गाडीत दोष नसेल तर मग तो माणसातच असणार. देवजीची बायको लक्षी आमच्या नाक्यावर भाजी घेऊन बसायची. ती यायची बंद झाली. एकदा आठवडी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "माझा नवरा मेला ते मी सोसन. पन पोरांना शालेत सांगतात, तुजा बाप पिऊन मेला. ते कसा सोसू?"

मोडलेली जीप ओढून आणून गॅरेजशेजारच्या मोकळ्या जागेत टाकली होती. मिस्त्री बरेच दिवस तिच्याकडे पाठ करून काम करत राहिले. मग एका दुपारी पाने घेऊन तिच्यापाशी बसले आणि पुढची दोन्ही चाकं खोलली. मी पत्र्याच्या भोकातून बघत होते. उजव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर गंजून पुरता अडकलेला होता. किंगपिनचं बेअरिंग काढलं तर त्याचा अडकित्त्याने कातरलेल्या सुपारीसारखा भुगा झालेला. चित्र सरळ होतं. उतारावर खड्डा लागला, पुढचं चाक नाचायला लागलं, देवजीने घाबरून ब्रेक दाबला आणि ब्रेक एकाच अंगाला लागला.

"हे एका दिवसात नाय होत," मिस्त्री मला म्हणाले. "दसऱ्याला ही हलतच असणार. मी पाय ठेवला होता. मला कसं नाय कळलं?" नंतर कितीतरी दिवस ते हेच विचारत होते. मला, दादाला, स्वतःला. त्यांचं जेवण तुटलं. फक्त चहा चालू होता, कपात साखरेचा थर राहील असा. रात्री पायांना मुंग्या येतात असं ते मागे कधीतरी म्हणाले होते. आम्ही म्हटलं होतं, अनवाणी फिरता, दुसरं काय होणार!

मग तो दिवस आला. दादाच्या जीपचं काम झालं होतं. मला हायवेजवळच्या दुकानातून दोरा आणायचा होता म्हणून मी मागे बसले. पुढे मिस्त्री, डोळे मिटलेले, पाय पत्र्यावर. जाऊन आलो. गॅरेजसमोर गाडी थांबली आणि ते म्हणाले, "पास." मी उतरताना खाली पाहिलं तर पत्र्यावर रक्त होतं. डाव्या टाचेखालून येत होतं. गॅरेजच्या जमिनीवर पडलेली एक लोखंडी पिन त्यांच्या तळव्यात मुळापर्यंत रुतली होती, आणि ते तसेच चालत आले होते, तसेच बसले होते.

"मिस्त्री, पाय!" मी ओरडले. त्यांनी पाय उचलून बघितला. कुणा दुसऱ्याचा असावा तसा बघितला. पक्कड मागितली, पिन ओढून काढली आणि तोंडावर वेदनेची एक रेषसुद्धा उमटली नाही. मग माझ्या पदराला टोचलेली सुई मागून घेतली. मला वाटलं काटा काढायचा असेल. त्यांनी ती तळव्यात टोचली. मग बोटांत, मग टाचेत, मग घोट्यावर. थोडं थोडं वर सरकत, एकेक जागा तपासत, जशी गाडी तपासायचे तशी. नडगीच्या मध्यावर आल्यावर म्हणाले, "इथे कळतं." दुसरा पायही तसाच. सुई त्यांनी मला परत दिली.

"दादा," ते म्हणाले, "गाडी पास नाय. जॅक लाव."

दादाने चाक उचललं आणि वरखाली धरून हलवलं. खटखट आवाज मलाही ऐकू आला. सकाळी त्या गाडीतून आमची आई, वहिनी आणि तिचं तान्हं बाळ आलं होतं.

दवाखान्यात जाऊ, म्हणून मी किती विनवलं. त्यांनी माझ्याकडच्या चिंध्यांनी पाय बांधून घेतला आणि आधी दादाच्या गाडीचं बेअरिंग बदललं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन आम्ही उधव्याला गेलो. लक्षीच्या अंगणात मिस्त्री उभे राहिले आणि तिच्या दिराला म्हणाले, "पाड्यावरची माणसं बोलवा." माणसं जमली. मिस्त्रींनी खिशातून ते फुटलेलं बेअरिंग काढून लक्षीच्या हातावर ठेवलं. "देवजी पिऊन नाय मेला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडी नासलेली होती. मी पास केली. माझे पाय मेलेत नि मला त्याचा पत्ता नव्हता. पोरांना शाळेत कुणी काय बोललं तर हे दाखवा, नि माझं नाव सांगा."

मला वाटलं ती बेअरिंग त्यांच्या तोंडावर फेकेल. फेकलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. ती रडलीही नाही. भुगा बोटांनी चाचपत म्हणाली, "तुला ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग बाकीच्या गाड्या?"

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी दसऱ्याच्या रांगेतली एकेक जीप निरोप धाडून बोलावली. कुणी कुरकुरलं तर दादा जाऊन ओढून आणायचा. प्रत्येकीला जॅक, प्रत्येकीचे ड्रम खोलले. ज्यात खोट निघाली त्या थोड्या नव्हत्या. हे करताना ते जखमी पायावर उभे होते आणि पाय दुखत नाही, हाच त्यांचा शाप होता. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आमच्यावरच ओरडले. साखर किती वर्षं वाढलेली होती देव जाणे. आधी बोटं गेली, मग घोट्यापासून खाली डावा पाय गेला.

त्यानंतर ते गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. उरलेल्या पायात चप्पल असे. ती बघितली की मला दुकानात जाऊन मशीन जोरात चालवावं लागे. पुढच्या दसऱ्याला ड्रायव्हर पुन्हा रांग लावून आले. पाय नाही तर निदान हात तरी लावा, म्हणाले. मिस्त्रींनी हातातला पाना भिरकावला. "जॅकची पूजा करा! माझ्या पायाची पूजा केलीत म्हणून देवजी गेला." म्हातारा चिडका झाला, असं लोक म्हणाले. पण जॅक लावून चाक हलवल्याशिवाय त्यांच्या नजरेसमोरून गाडी नेण्याची कुणाची टाप नव्हती.

ते गेले ते उन्हाळ्यात. वापीला दिलेली मुलगी आली होती, नरपडचे भाऊ आले होते. स्मशान लांब, म्हणून मिस्त्रींना दादाच्या जीपमधून न्यायचं ठरलं. उधव्याहून लक्षी आली. देवजी गेल्यापासून ती कुठल्याही जीपमध्ये बसली नव्हती, एसटीने नाहीतर पायी यायची. ती गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

मिस्त्रींना गाडीत ठेवलं. दादाने चावी फिरवली आणि लगेच बंद केली. खाली उतरला, सीटमागून जॅक काढला आणि पुढच्या चाकाखाली लावला. ऊन चढत होतं. नरपडच्या भावांपैकी कुणीतरी म्हणालं, "अरे, आता हे काय? उशीर होतोय." मिस्त्रींसकट गाडीचं तोंड वर उचललं गेलं. दादाने चाक वरखाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. काही वाजलं नाही. त्याने जॅक उतरवला, तो उचलून मागे ठेवायला निघाला.

लक्षी भिंतीपासून पुढे आली.

"त्या बाजूचा चाक पन बघ," ती म्हणाली.

दादा जॅक घेऊन पलीकडे गेला.