कोऱ्या कागदावरचा भाव

सन २०२३. मी अडुसष्ट वर्षांचा.

तारापूरच्या एमआयडीसीत पंप बनवणारी एक कंपनी. तिच्या खरेदी खात्यात मी उभा होतो. उभाच. खुर्ची होती, तिच्यावर साहेबाचं हेल्मेट बसलं होतं. मला बघूनही त्यानं ते उचललं नाही.

"काका, कागद आणले?"

आणले होते. माझ्या नावाचे दहा लेटरहेड. वर करवतीचं चित्र, खाली माझी सही, सहीवर शिक्का. मधे सगळं कोरं.

"ठेवा तिथे. निघा आता."

मी कागद टेबलावर ठेवले. सोफ्यावर तिशीतला एक ठेकेदार चहा पीत बसला होता. कंपनीला लाकडी पेट्या तोच पुरवतो. तो माझ्याकडे बघून हसला.

"चाचा, आपके बिना तो हमारा ऑर्डर पास ही नहीं होता."

साहेबही हसला. मी पण हसलो. का हसलो ते मला माहीत नव्हतं. मोठी माणसं हसली की हसायचं, ही सवय. थू त्या सवयीवर.

मग टेबलावरच्या उघड्या फायलीकडे नजर गेली. माझी करवत. माझी सही. मधे इंग्रजीत टाईप केलेलं. इंग्रजी मला येत नाही, चौथीत शाळा सुटली. पण सुताराला आकडे वाचता येतात.

एका पेटीचे एकोणीसशे.

मी बाराशे सांगितले होते.

बाजूला ठेकेदाराचा कागद होता. त्याच्यावर सतराशे.

आता हे नीट सांगतो. मोठ्या कंपनीत नियम असतो. काही घ्यायचं तर तीन जणांकडून भाव मागवायचे, लेखी. सगळ्यात कमी ज्याचा, त्याला काम. नियम चांगला आहे. आता मी त्यात कसा आलो ते ऐका. माझा बाप इथल्याच दांडी गावच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचा. फायबरच्या होड्या आल्या आणि ते काम बुडालं. मी बोईसरजवळ सरावलीला पत्र्याची शेड टाकली, पॅकिंगच्या पेट्या करायला लागलो. सहा वर्षांपूर्वी या साहेबाचा फोन आला. कोटेशन द्या म्हणाला. मी सायकल काढून गेलो, पंपाची मापं घेतली, लाकूड, खिळे, मजुरी सगळा हिशेब लावून भाव सांगितला. साहेब म्हणाला, "कोटेशन इंग्रजीत लागतं काका. तुम्ही कोरे कागद सही करून ठेवा, टायपिंग मी करून घेतो."

मला तो उपकार वाटला. देवमाणूस म्हणालो मी त्याला, घरी येऊन.

काम मिळालं नाही. "यंदा तुमचा भाव बसला नाही. पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी मी भाव उतरवला. तरी नाही. मग स्वतःची मजुरी कापली. तरी नाही. सहा वर्षं मी भाव कमी करत गेलो आणि माझ्या सहीवर तो वाढत गेला.

आणि नाक्यावर चहाच्या टपरीवर मी छाती काढून सांगायचो, कंपनी मला विचारल्याशिवाय पेटी घेत नाही. हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

मी साहेबाला विचारलं, "हा आकडा कोनी टाकला?"

"काका, तुम्ही त्यात पडू नका."

"मी बाराशे बोललो होतो. सही माजी हाय."

ठेकेदारानं चहाचा कप खाली ठेवला. साहेबानं खुर्ची मागे रेटली आणि मला समजावल्यासारखं बोलला, लहान पोराला समजावतात तसं.

"तुमचं कोटेशन हरण्यासाठीच असतं. तीन कागद लागतात, म्हणून तुम्ही. तुमच्या त्या शेडमध्ये कंपनीचं काम होणार आहे का? बरं, ऐका. पन्नास पेट्या तुम्हाला देतो. या महिन्यात. हे दहा कागद ठेवा आणि गप्प घरी जा."

पन्नास पेट्या. शेडमध्ये दोन महिने रंधा फिरला नव्हता. माझ्याकडे एकच कारागीर उरला होता, दामू, आणि तोही दुसरीकडे जायच्या बेतात होता. साहेबाला हे माहीत असणार. भुकेल्याला कसं विकत घ्यायचं ते या लोकांना बरोबर कळतं.

मला शिसारी आली. त्या गुळगुळीत टेबलाची, त्या चहाची. आणि माझी पण. मी कागद तिथेच सोडून निघणार होतो. खोटं कशाला बोलू.

मी दहाही कागद उचलले. मग फायलीतला माझा कागद ओढला. तो फाटला, अर्धा माझ्या हातात आला.

"फायलीला हात लावायचा नाही! कंपनीचं रेकॉर्ड आहे ते!"

"मंग रेकॉर्डात खरं लिवा."

वॉचमन आला. दंडाला धरून मला गेटपर्यंत नेलं. गळ्यातला पास काढून घेतला. मागून ठेकेदार ओरडला, "चाचा, दूसरा बुड्ढा मिल जाएगा!"

मिळेल. तेच तर आहे. बोईसरमध्ये माझ्यासारखे कोऱ्या कागदावर सही करणारे काय कमी आहेत?

घरी बायकोला सगळं सांगितलं. पन्नास पेट्यांचंही सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मी सही केली, माजीच चूक," मी म्हणालो.

"केली ती केली. आता काय हात तोडून घेताव? लोकांना तुमचा खरा भाव कुटं म्हायत हाय? त्यांना तो कागदावरचाच म्हायत."

हे ऐकून मी जेवलो नाही. ती बरोबर बोलली होती. पूर्ण एमआयडीसीत माझ्या नावाचा लेखी असा एकच भाव होता आणि तो चोराचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दामू आला, तेव्हा मी शिडीवर होतो. शेडचा रस्त्याकडचा पत्रा घासून घेतला होता. हातात काळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश. माझं अक्षर वाकडं आहे, असू दे. हातभर उंच आकडे काढले. पेटीचं माप, लाकूड कुठलं, फळी किती जाड, खिळे किती, एका पेटीचे बाराशे. त्याखाली लिहिलं: "हाच भाव सगळ्यांना. कागदावर माझ्या नावाने दुसरा भाव दिसला तर तो खोटा." खाली माझं पूर्ण नाव.

दामू बघत राहिला. "दादा, कंपनीची बस हितूनच जाते."

"म्हनूनच ह्या बाजूला लिवलंय."

"परत काम नाय देनार कोनी."

"नाय दिलं तर नाय. कोऱ्या कागदावर सही आता मी मेलो तरी करनार नाय. ज्याला माजा भाव पायजे, त्यानं रस्त्यावर उभं राहून वाचावा."