गाऱ्हाण्यात न आलेली नोकरी

लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलची डिझाइनं करणारा नितेश दोन आठवडे मनाने पवईतल्या काचेच्या केबिनमध्येच बसत होता. तिथल्या मोठ्या कंपनीत तिसरी मुलाखत झाली, तेव्हा एचआरच्या बाई "जवळपास नक्की समजा" म्हणाल्या होत्या. त्यातलं 'जवळपास' नितेशने खाली येताना लिफ्टमध्येच सोडून दिलं.

सध्याच्या नोकरीत, अंधेरीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात, न डुगडुगणारी एकच खुर्ची होती, ती त्याची. ती त्याने शेजारी बसणाऱ्या प्रांजलला देऊन टाकली. घाटकोपरला घरी आईला सांगितलं की आता डब्याची कटकट गेली, तिकडे कॅन्टीन आहे. आणि वडिलांपुढे, म्हणजे दत्तारामांपुढे, 'डिझाइन हेड' या पदाचं असं काही वर्णन केलं की त्यांनी ठरवूनच टाकलं: यंदा गणपतीच्या गाऱ्हाण्यात ही बातमी सांगायची.

मालवणी घरात गाऱ्हाणं म्हणजे चेष्टा नाही. आरती झाली की घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने बोलतो आणि जमलेलं गणगोत प्रत्येक वाक्याला होकार देतं. त्यात आलेली गोष्ट गावापर्यंत पोचते. ती मागे घेता येत नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मेल आला. कंपनी हे पद सध्या भरणार नव्हती.

नितेशने कोणाला काही सांगितलं नाही. मखराला दिव्यांची माळ लावता लावता फक्त आईला म्हणाला, "परवापासून डबा देशील ना गं?" शेजारी दूर्वा निवडत बसलेल्या दत्तारामांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल माणसांनी भरला. बोरिवलीच्या शकुआत्याने आल्या आल्या विचारलं, "काय रे साहेब, काहीतरी खबर आहे म्हणे. आम्हाला ओळख देशील ना?" वडिलांना बाजूला घ्यावं म्हणून नितेश उठला, पण ते पाटावरून हलेनात. आरती संपली. दत्तारामांनी नारळ हातात घेतला.

पाऊसपाणी झालं, मुलाबाळांचं आरोग्य झालं. मग ते म्हणाले, "आणि ह्यो माझो झील नितेश..."

ते थांबले. नितेशने डोळे मिटले.

"ह्येच्या मनात जा काय आसा, ता येळेर होऊ दे. आणि आज हातात आसा ती नोकरी सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज नितेशचा होता. आत्याने वळून पाहिलं.

नंतर मोदकाचं ताट त्याच्या हातात देताना दत्ताराम हळूच म्हणाले, "डबो मागलंस तेव्हाच कळला."

नितेश ताट घेऊन गॅलरीत गेला आणि त्याने प्रांजलला फोन लावला.

"खुर्ची आहे ना रे?"

"आहे. पण आता माझी आहे."

"उद्यापर्यंत बस," नितेश म्हणाला आणि त्याने दुसरा मोदक उचलला.