एका तासाचं अंतर

मी शाळेत जायच्या आधी आमचं घर म्हणजे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड होतं. दिवाळी झाली की आण्णा मेंढरं घेऊन धारूरचा घाट उतरायचे ते पार गोदाकाठापर्यंत. माझी धाकटी बहीण वाटेतच जन्मली आणि वाटेतच तापानं गेली. तिला कुठं ठेवलं ते रान आईला नंतर ओळखता आलं नाही. मग आण्णांनी मला आत्याच्या घरी ठेवलं. मी शिकलो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेज पाहिलेला मी पहिला, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगतो.

ढाक्याला कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आण्णांनी विचारलं, "किती लांब हाय?"

"कोलकात्याहून अडीचशे किलोमीटर. विमानानं तासभर."

आण्णा अंतर मुक्कामात मोजायचे. "मेंढरं हाकत गेलं तर?"

मी हिशेब केला. "पंचवीस मुक्काम."

"आन तुजं इमान तासात? मधी चारा-पानी न्हाई?"

"नाही."

"मंग लई जवळ हाय की. आमाला वडवनीच्या बाजाराला जायला याच्याहून जास्त लागतं."

धारूरहून कोलकाता किती, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तासभर म्हणताना मला बरं वाटत होतं. त्यांनी ते बाजारभर सांगितलं. आईनं तर पाठच केलं.

दोन वर्षांनी चैत्रात सकाळी चुलतभावाचा फोन आला. आण्णा मेंढरांना पाणी दाखवताना बसले, ते उठलेच नाहीत. मागून आईचा आवाज येत होता, "कुनी हात लावायचा न्हाई. माजा लेक तासात येतो. अग्नी त्योच देनार."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "निघालो."

सुट्टी, पासपोर्ट, तिकीट यात दुपार झाली. विमान खरंच तासात कोलकात्याला उतरलं. पुण्याला जायला दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत एकही जागा नव्हती. पुण्याहून पुढं एसटीचा रस्ता होताच. विमानतळाच्या बाकावर बसलो तेव्हा चुलतभावाचा पुन्हा फोन आला.

"कुठवर आलास रं?"

"कोलकात्यात."

"म्हंजी अजून किती?"

"परवा सकाळ."

तो म्हणाला, "ऊन लई हाय. सकाळपून ठिवलंय. युसूफ वडगावहून आलेले पाव्हणे पन खोळंबलेत. दिस बुडायच्या आत उरकाया पायजे."

"तू दे अग्नी," मी म्हणालो.

तेवढ्यात आईनं फोन घेतला. रडत नव्हती. "आरं, तास झाला न्हाई व्हय अजून?"

माझ्या बॅगेत पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स असते, नोकरी लागल्यापासून सवयच आहे. ती मी काढून पाहिली आणि परत ठेवली. पंचवीस मुक्काम चालून जाणारा माणूस मला सोडून गेला होता आणि मी बाकावरून उठून कुठंही जाऊ शकत नव्हतो.

अग्नी चुलतभावानं दिला. आई त्यानंतर मला अंतर विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो. राख सावडायला मिळाली.